पॅच पाठवण्याआधी डिफ स्वतः वाचा

सीएसव्ही (तक्ता साध्या मजकुरात साठवणाऱ्या) फाइली वाचणाऱ्या एका लहानशा ओपन सोर्स लायब्ररीची मी मेंटेनर आहे, म्हणजे लोकांनी पाठवलेले बदल तपासून घेणारी. पोटापाण्याचं काम वेगळं. हे रात्री, दिवसभराचं सगळं आटोपल्यावर. कोड लिहून देणारे पुष्कळ मिळतात, तो नीट वाचणारे मात्र मोजकेच असतात. म्हणून पहिल्यांदा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवणाऱ्याला माझं सांगणं एवढंच असतं: तुमचा बदल दमलेल्या माणसाला एका बैठकीत वाचून संपवता आला पाहिजे.

प्रोजेक्टची कॉन्ट्रिब्यूटिंग फाइल, म्हणजे बदल कसे पाठवायचे ते सांगणारी फाइल, आधी वाचा. ती असतेच कुठेतरी आणि ती वाचली नसेल तर पहिल्याच मिनिटाला कळतं. प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी. लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, पॅच आजही ईमेलने जातात. गिटहबवर दिसते ती कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या रेपॉझिटरीची (कोडच्या साठ्याची) प्रत, तिथे पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल घ्या’ अशी विनंती) टाकून उपयोग नाही. कर्नलमध्ये प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लागते. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं ती लिहिणारा त्यातून सांगत असतो. ही पद्धत २००४ पासूनची. तुमचा कोड नोकरीच्या वेळेत किंवा कंपनीच्या मशीनवर लिहिलेला असेल, तर तो हक्क खरंच तुमचा आहे का, हे करारात बघून घ्या. नंतर कोड काढून टाकण्याची कटकट कोणालाच नको असते.

बग सापडला की लगेच कोडला हात घालू नका. आधी इश्यू, म्हणजे प्रोजेक्टच्या पानावर अडचणीची नोंद, लिहा. ‘तुमची लायब्ररी चालत नाही, लवकर दुरुस्त करा’ यावर मला काहीच करता येत नाही. याउलट हे बघा: ‘एक्सेलमधून “सीएसव्ही यूटीएफ-८” म्हणून सेव्ह केलेली फाइल उघडली की पहिल्या स्तंभाचं नाव सापडत नाही. बाकीचे स्तंभ ठीक आहेत. आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम खाली दिली आहे, दोन ओळींची नमुना फाइल जोडली आहे. मी दुरुस्ती पाठवू का?’ हे वाचताक्षणी कळतं की फाइलच्या सुरुवातीचे तीन न दिसणारे बाइट, म्हणजे बॉम, पहिल्या नावाला चिकटलेत. शेवटचा प्रश्नही कामाचा आहे. कदाचित दुसरं कोणीतरी त्यावर आधीच काम करत असेल.

आता दुरुस्ती. बॉम वगळायला चार ओळी पुरतात. पण नवख्या माणसाची पुल रिक्वेस्ट उघडावी तर डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या पानावर, अख्खा प्रोजेक्ट लाल-हिरवा झालेला! एडिटरने सेव्ह करताना सगळ्या फाइलींचं फॉरमॅटिंग बदललेलं असतं आणि त्या पसाऱ्यात खऱ्या चार ओळी शोधत बसायचं काम माझ्याकडे येतं. त्यासाठी गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमधल्या ‘गिट अ‍ॅड -पी’ कमांडची सवय लावा. तो एकेक तुकडा दाखवून ‘हा घेऊ का?’ असं विचारतो. आपला नसेल त्याला नाही म्हणायचं. जाता जाता एखाद्या व्हेरिएबलचं नाव सुधारावंसं वाटलं तर ती वेगळी पुल रिक्वेस्ट.

दुरुस्तीबरोबर टेस्ट, म्हणजे ती चालते का ते तपासणारा छोटा कोड, हवीच. मी आधी फक्त टेस्ट जुन्या कोडवर चालवून बघते. तिथे ती फेल झाली नाही, तर ती काहीच तपासत नाही.

कमिट मेसेजची, म्हणजे बदल नोंदवताना लिहायच्या टिपणाची, पहिली ओळ छोटी आणि आज्ञार्थी: ‘हेडर वाचताना सुरुवातीचा बॉम वगळा’. मग एक ओळ मोकळी सोडून कारण. काय बदललं ते डिफमध्ये दिसतंच. का बदललं, हे दोन वर्षांनी ‘गिट ब्लेम’ करणाऱ्याला, म्हणजे कोणती ओळ कोणी बदलली ते शोधणाऱ्याला, फक्त तुमच्या मेसेजमधूनच कळेल.

एआयकडून कोड लिहून घेतला असेल तर तसं सांगा. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या प्रोजेक्टांनी २०२४ मध्ये असा कोड घेण्यावर बंधनं घातली. माझ्याकडे बंदी नाही, पण ‘ही ओळ कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला स्वतःला देता यायला हवं.

रिव्ह्यू आला की खरी परीक्षा. ‘निट’ लिहिलेली टिप्पणी म्हणजे किरकोळ सूचना, ती मनाला लावून घेऊ नका. प्रत्येक टिप्पणीला उत्तर द्या, ‘केलं’ एवढंही चालतं. पटलं नाही तर कारण लिहा: ‘इथे बफर पुन्हा वाचला तर मोठ्या फाइलीला वेळ लागेल, म्हणून तसं केलं नाही.’ असा वाद मला आवडतो. ‘तुम्हाला स्ट्रीम कळत नाहीत’ हा मात्र वाद नव्हे. रिव्ह्यू अर्ध्यावर असताना फोर्स पुश (आधी पाठवलेल्या कमिटवर नवे लादणं) टाळा, कारण नवीन काय आलं ते शोधणं अवघड होतं. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एक सभ्य आठवण पुरे.

मेंटेनरच्या मागे लागणं म्हणजे नुसता उद्धटपणा, असं वाटत असेल तर एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या टूलचं प्रकरण आठवा. २०२२ मध्ये थकलेल्या मेंटेनरवर ‘कामं रखडलीत, दुसऱ्याला सोपवा’ असा मेलमधून दबाव आला. पुढे ज्याच्या हाती अधिकार गेले, त्याच्या खात्यातून आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायची चोरवाट, घुसला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दूरच्या मशीनवरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून तो सापडला. दबाव आणणारी ती नावंही बनावट असावीत, असा दाट संशय आहे. घाई करणाऱ्या अनोळखी माणसाकडे मी तेव्हापासून जरा निरखूनच बघते.

कोणी तुमच्याशी वाईट वागलं तर चारचौघांत भांडू नका. कोड ऑफ कंडक्टच्या (वागणुकीच्या नियमांच्या) फाइलीत तक्रारीचा पत्ता असतो, तिथे लिंकसकट खाजगीत कळवा. बऱ्याच प्रोजेक्टांनी २०१४ चा कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट हा अशा नियमांचा तयार मसुदा घेतलाय. कर्नलनेही २०१८ मध्ये त्यावर बेतलेला मसुदा स्वीकारला. सुरक्षेतली त्रुटीही अशीच, सिक्युरिटी फाइलीत दिलेल्या वाटेने कळवायची. उघड इश्यूत कधीच नाही.

आणि पॅच नाकारला गेला तर? कारण विचारा, एकदाच. तरीही तो बदल तुम्हाला हवाच असेल तर फोर्क करून, म्हणजे कोडची स्वतःची प्रत काढून, आपल्याकडे ठेवा. लायसन्सने तो हक्क दिलेलाच आहे. स्वीकारला गेला, तर पुढची आवृत्ती निघेपर्यंत इश्यूंवर नजर ठेवा. तुमच्या चार ओळींमुळे कोणाचं काही मोडलं, तर त्या इश्यूत पहिलं उत्तर तुमचं असू द्या.