थंडीत घरच्या शेडमध्ये सुतारकाम कसं करायचं: घड्याळ बघून

रिटायर झाल्यावर मी घराच्या मागे दहा बाय चौदाची पत्र्याची शेड टाकली आणि तेव्हापासून कुणी मला शोधत आलं की घरातून एकच उत्तर जातं, "मागे असतील, भुशात." नाशिकची थंडी सुतारकामाला झकास असं सगळे म्हणतात, मीपण म्हणतो, घाम नाही, पावसाळ्यातला कुबट वास नाही, रंधा मारायला मजा येते. पण खरं सांगू का, पहिल्या दोन हिवाळ्यांत माझं जेवढं काम बिघडलं तेवढं भर पावसात बिघडलं नव्हतं. कारण कळायला वेळ लागला. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत एका दिवसात दोन ऋतू असतात, पहाटे पारा ८-९ वर आणि गवतावर दव, आणि दुपारी दोनला २८-२९ आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. लाकूड, गोंद, पॉलिश, लोखंड आणि आपली साठीपारची बोटं, प्रत्येकाला यातली वेगवेगळी वेळ मानवते. म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं घड्याळाला बांधलेलं आहे.

आधी पत्र्याचं बघा

हे सीझन सुरू व्हायच्या आत, दिवाळीनंतर लगेच. रात्री आभाळ स्वच्छ असलं की पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो, मग शेडमधली ओल आतून त्याला थेंब होऊन चिकटते आणि पहाटे टपटप खाली. मी पहिल्या वर्षी पत्रा गळतोय म्हणून वर चढून डांबर फासून आलो होतो, पाऊस नसताना! उपाय स्वस्तातला आहे. जुना फ्लेक्स आणायचा, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे वाट्टेल तेवढे मिळतात, आणि पत्र्याखाली तीन-चार इंच जागा सोडून थोडा उतार देऊन ताणून बांधायचा, म्हणजे थेंब फ्लेक्सवर पडून भिंतीच्या कडेने बाहेर जातात. चेहऱ्याची बाजू वर करा, नाहीतर काम करताना दिवसभर कुणीतरी हात जोडून वरून बघत बसतं. आणि दोन्ही बाजूंना वर हवा खेळायला फट ठेवा, थंडी वाजते म्हणून ती बुजवू नका, शेड पूर्ण बंद केली तर ओल आतच राहते.

सकाळी दहापर्यंत लोखंडाला उघडं करू नका

गंज रात्री चढतो असं वाटतं, पण जास्त घोटाळा सकाळी आठ-नऊला होतो. रात्रभर गार झालेलं मशीनचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि आपण शटर उघडून उन्हाची पण दमट हवा आत घेतो, की गार पाण्याच्या ग्लासवर येतं तसं पाणी त्याच्यावर येतं, डोळ्याला दिसत नाही पण संध्याकाळी तांबूस डाग. म्हणून रंधा, पटाश्या, टेबल सॉ सगळं जुन्या सुती चादरीखाली झाकलेलं असू द्या, प्लास्टिकने झाकू नका कारण त्याच्या आत घाम धरतो, आणि चादर दहानंतरच काढा.

तेल कुठलं, तर शिलाई मशीनचं. एका बोटावर घेऊन पुसल्यासारखं लावायचं. घरातलं गोडं तेल लावू नका, काही दिवसांनी चिकट्ट होतं आणि त्यात भुसा बसतो. खोबरेल तर थंडीत २४ अंशाच्या खाली थिजतंच, मी एकदा लावलं होतं, सकाळी सगळ्या पटाश्यांवर पांढरे थर, आमच्या हिने विचारलं यांना पण वेणी घालायची का.

मग सकाळी करायचं काय

धार लावायची, एकेक पटाशी चादरीखालून काढून. सकाळ धारेसाठीच आहे. बोटं आखडलेली असतात तेव्हा करवत आणि मशीनला हात लावायचा नाही, आधी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसा, मग पाण्याचा दगड असेल तर कोमट पाण्यात भिजवा, गार पाण्यात दहा मिनिटांत बोटं बधिर होतात आणि कोन कुठे चाललाय ते कळतच नाही. पटाशीला २५ अंशांचा उतार आणि टोकाला ३० अंशांची बारीक धार, सागवानाला एवढं पुरतं, पण सागात निसर्गतःच वाळूसारखी सिलिका असते म्हणून धार लवकर जाते, रोज दोन मिनिटं लावलेली बरी. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना ती सटकते, माझ्या डाव्या अंगठ्यावर याची चार टाक्यांची आठवण आहे.

कपड्यांचं एक सांगतो आणि हे चेष्टेवारी घेऊ नका. मफलर नाही. शाल नाही. ड्रिल, लेथ किंवा टेबल सॉ चालू असेल तर हातमोजेपण नाहीत, आणि स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर. फिरणाऱ्या मशीनने मफलरचं टोक पकडलं तर बटण दाबायला वेळ मिळत नाही. माकडटोपी घाला, कितीही म्हातारे दिसलात तरी. आणि थंडीत शटर अर्धं ओढलेलं असतं म्हणून धूळ आतच फिरते, सागाची धूळ नाकाला आणि कातडीला सोसत नाही बऱ्याच जणांना, तेव्हा मास्क.

लाकडाचा ओलावा मोजा, अंदाज करू नका

वखारीत तुम्हाला सांगतील की एकदम सुकं आहे साहेब. सीपी, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला साग असो, बल्लारशाचा असो नाहीतर जुना वाडा पाडल्यावरचा, सगळे हेच सांगतात. जुन्या वाड्याचा माल खरंच सुका असतो, फक्त त्यात खिळे शोधायला जाड लोहचुंबक फिरवा, नाहीतर रंध्याच्या पात्याची धार गेलीच समजा. नव्या मालासाठी मीटर मिळतो, पण नसेल तर स्वयंपाकघरातला ओव्हन आणि पोस्टाचं पाकीट तोलतो तसा छोटा काटा पुरतो.

फळीच्या टोकाचा तुकडा घ्यायचा नाही, टोकं आधी सुकतात, किमान दीड-दोन फूट आतला एक इंच जाडीचा काप घ्यायचा. लगेच वजन लिहायचं. मग ओव्हन १०० ते १०५ अंशावर ठेवून काप आत, दर तासाने वजन, आणि दोनदा ओळीने वजन तेच आलं की पूर्ण सुकला. पहिल्या वजनातून शेवटचं वजा करा, जे उरेल त्याला शेवटच्या वजनाने भागा, गुणिले शंभर. माझा मागच्या वेळचा काप ६४ ग्रॅमचा ५७ वर आला, म्हणजे ७ भागिले ५७, साधारण १२ टक्के. ओव्हनमध्ये नंतर दोन दिवस केकला सागवानाचा वास येतो, त्याची तयारी ठेवा, किंवा घरचे लग्नाला गेलेत असा दिवस बघा.

१२ टक्के चांगला की वाईट? आपल्याकडे पावसाळ्यात शेडमधलं लाकूड १४-१५ पर्यंत जातं आणि थंडीच्या कोरड्या महिन्यांत ८-९ पर्यंत उतरतं, सावकाश, आठवडे लागतात. आता एक फूट रुंद सागाची फळी १४ वरून ९ वर आली तर रुंदीत दीड ते पावणेतीन मिलिमीटर आकसते, कशी कापली आहे त्यावर. लांबीत जवळपास काहीच नाही. सगळी भानगड या एका वाक्यात आहे, रुंदी हलते आणि लांबी हलत नाही.

मी ऑगस्टमध्ये देवघराचं दार केलं, पॅनेल चौकटीत चारी बाजूंनी गोंद लावून पक्कं बसवलं, छान खटका आवाज यायचा बंद होताना. जानेवारीत एका रात्री काड्कन आवाज आला, वाटलं देव पडला. पॅनेल मधोमध तडकलं होतं वरपासून खालपर्यंत. आता पॅनेल खाचेत सुटं ठेवतो, गोंद फक्त चौकटीच्या कुसवांना, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकांना, आणि पाटाच्या खालच्या पट्ट्यांना मधला एक स्क्रू घट्ट आणि कडेच्या स्क्रूंना लांबट भोकं.

उलटं पण लक्षात ठेवा. थंडीत केलेला ड्रॉवर जुलैमध्ये अडकतो. सहा इंच उंचीच्या ड्रॉवरला आत्ता वरून दोन मिलिमीटर मोकळे सोडा, आज ढिला वाटेल, बघणारे नावं ठेवतील, ठेवू द्या. आणि थंडीतली फळी सुकवायला एका बाजूने उन्हात टेकवून ठेवायची नाही, ती बाजू आधी सुकते आणि फळी वाडग्यासारखी होते, मधे पट्ट्या देऊन सावलीत थप्पी लावा. थप्पी उचलताना आधी काठीने हलवा, खाली विंचू असतो कधीकधी.

गोंद अकरा ते चार

पांढरा गोंद, म्हणजे आपण सगळ्यांनाच फेविकॉल म्हणतो तो, साधारण १० अंशाच्या खाली नीट धरतच नाही. पाणी उडून जातं पण आतले कण एकमेकांत मिसळून फिल्म बनत नाही, सुकल्यावर सांध्यातून खडूसारखा पांढरा दिसतो, आणि हाताने ओढला तरी सुटतो. मी एक स्टूल सकाळी सातला जोडलं होतं, हौस. पाहुणे बसले आणि उठले तेव्हा स्टूल नव्हतं, चार पाय होते. चूक माझीच.

नुसती बाटली गरम पाण्यात ठेवून भागत नाही, लाकूडसुद्धा उबदार लागतं, गार लाकडाला लागला की गोंद क्षणात गारच. म्हणून जोडायचे तुकडे सकाळीच घरात आणून ठेवा, सव्वाअकराच्या सुमारास जोडा, क्लॅम्प आवळा, आणि थंडीत क्लॅम्प दोन तासांत सोडू नका, रात्रभर राहू द्या आणि तेही घरात. हॉलमध्ये टीव्हीसमोर क्लॅम्प लावलेलं कपाट असतं आमच्याकडे, आता कुणी बोलत नाही.

पॉलिश

चपडी लाख आणि स्पिरिटचं पॉलिश असेल तर वेळ अजून कमी, बारा ते तीन. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि पॉलिश दुधट होतं. झालंच असं तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी दुपारी स्पिरिटमध्ये जेमतेम ओलसर केलेली पुरचुंडी हलक्या हाताने फिरवा, बहुतेक वेळा साफ होतं. जवसाचं तेल वापरत असाल तर त्याची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापतात आणि पेट घेतात, बाहेर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

भुशाचं काय करायचं

शेडमध्ये शेकोटी किंवा कोळशाची शेगडी अजिबात नाही, भुसा आहे, स्पिरिट आहे, आणि बंद जागेत कोळशाचा वायू वासाशिवाय माणूस घेऊन जातो. अंगणात मात्र भुशाची शेगडी लावा, आमच्या लहानपणी घरोघर होती. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचं वरचं तोंड कापायचं, खाली बाजूला दोन इंचाचं भोक पाडायचं. भोकातून एक गोल दांडका आडवा आत सारायचा मधोमध येईपर्यंत, त्याच्यावर काचेची बाटली उभी. आता सभोवती सुका भुसा ओतून मुठीने ठोकत ठोकत भरा, अगदी दाबून, सैल राहिला तर ढासळतो आणि नुसता धूर. भरला की बाटली गोल फिरवत वर काढा, दांडका बाहेर ओढा, आत काटकोनी बोळ तयार. खालच्या भोकात कागद आणि ढलप्या घालून पेटवा. दोन-तीन तास शांत जळते, आंघोळीचं पाणी तापतं आणि वर हुरडा. फक्त लाकडाचाच भुसा हं, प्लाय, एमडीएफ, सनमायकाचा नाही, त्यातल्या रेझिनचा धूर वाईट.

उरलेल्या पट्ट्यांची मी संक्रांतीसाठी आसारी करतो. आजोळ येवल्याचं, तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग, आणि मांजा चक्रीवर नाही, आसारीवर. मधला दांडा सागाचा, भोवती बांबूच्या कामट्या, आणि दांडा फिरतो तिथे मेणबत्ती घासायची, तेल नाही. नातवाला ती इतकी हलकी वाटली की त्याने विचारलं आजोबा ही विकतची का.

साडेपाचला बंद करा, अंधार पडायच्या आत. झाडून घ्या, तेलाचा बोळा फिरवा, चादर घाला. ढलप्यांचं पोतं मी तेवढं अर्धं उघडं ठेवतो, डिसेंबरपासून त्यात एक मांजर झोपतं आणि गेल्या आठवड्यापासून तीन पिल्लं आहेत, त्यामुळे या महिन्यात शेगडीला ढलप्या दुसऱ्या पोत्यातून.