बाटल्या मोजल्या, डिझेल राहून गेलं: पर्यावरणपूरक चित्रीकरणात या चुका टाळा

सेट 'ग्रीन' करायचा ठरला की पहिली खरेदी होते स्टीलच्या बाटल्यांची. युनिटमधल्या प्रत्येकाला एक बाटली, जागोजागी वीस लिटरचे जार, चहासाठी काचेचे ग्लास. हे करायलाच हवं. घाटातल्या लोकेशनवर पॅकअपनंतर मागे राहिलेला कचरा शेवटी गावाच्याच ओढ्यात जातो. पण तेवढ्यावर थांबणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

अमेरिकेत डिस्ने, नेटफ्लिक्स, सोनी अशा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या 'सस्टेनेबल प्रॉडक्शन अलायन्स'मध्ये एकत्र आल्या. २०२१ साली त्यांनी आपल्या निर्मितींचे एकत्रित आकडे जाहीर केले. सर्वांत मोठ्या बजेटच्या एका चित्रपटामागे सरासरी ३,३७० टन कार्बन, आणि त्यातला जवळपास निम्मा इंधनाचा. ब्रिटनमधल्या २०२० च्या 'स्क्रीन न्यू डील' अहवालात हाच आकडा २,८४० टन आला, आणि त्यातला निम्मा प्रवास-वाहतुकीचा. आपले चित्रपट त्या मानाने लहान असतात, पण गाड्या आणि जनरेटर आपल्याकडेही आहेतच.

गेल्या वेळचाच जनरेटर मागवणं

साताऱ्याकडच्या एका शूटला आम्ही १२५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर नेला होता. का, तर आधीच्या शूटला तोच होता. मधल्या काळात लाइट्स एलईडी झाले होते आणि लोड, म्हणजे विजेची एकूण गरज, पूर्वीच्या निम्म्यावरही नव्हता. मोठा जनरेटर कमी लोडवर दिवसभर चालला की विजेच्या दर युनिटमागे डिझेल जास्त जातं, इंजिनात काजळी साठते, आणि धूर सेटशेजारच्या घरांत शिरतो. तासाला १० लिटर डिझेल धरा. १२ तासांच्या शिफ्टला १२० लिटर, म्हणजे एका दिवसात सुमारे ३२० किलो कार्बन डायऑक्साइड.

उपाय रेकीलाच, म्हणजे लोकेशन आधी बघायला जाताना, करायचा असतो. गॅफरला, म्हणजे लाइट्सच्या प्रमुखाला, सोबत न्या, लाइट्सची यादी करा, लोडची बेरीज करा आणि मग जनरेटर ठरवा. जेवणाच्या सुट्टीत तो बंद करायला कोण सांगणार, तेही नावानिशी ठरवा. व्हॅनिटी व्हॅनचा जनरेटर वेगळा असतो आणि हिशेबातून हमखास सुटतो. कलाकार फ्लोअरवर असताना रिकाम्या व्हॅनमधला एसी चालू असतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर महिनोन्महिने एकाच बंगल्यात चालणाऱ्या मालिकेने पहिल्याच महिन्यात वीजजोडणीसाठी अर्ज करावा.

ब्रिटनचे आकडे जसेच्या तसे उचलणं

परदेशी मार्गदर्शिका सांगतात, जनरेटर सोडा आणि ग्रिडची, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनवरची, वीज घ्या. सल्ला बरोबर आहे, पण हिशेब वेगळा. आपली वीज मुख्यतः कोळशावर तयार होते. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन, ब्रिटनच्या तिपटीहून जास्त. पुरेशा लोडवर चालणाऱ्या चांगल्या जनरेटरच्या तुलनेत कार्बनमधला फायदा त्यामुळे बेताचा असतो. खरा फायदा होतो तो अर्धवट लोडवरचा जनरेटर बंद करण्यात, आणि अर्थातच धूर व आवाज जाण्यात. म्हणून आपल्याकडे वीज कुठून घेतो याच्या आधी वीज किती लागते, हा प्रश्न येतो. कार्बनचा हिशेब करणाऱ्या ऑनलाइन गणनयंत्रात देश 'भारत' निवडला आहे ना, तेही बघा.

पॅकअपनंतर मोजायला बसणं

शूट संपल्यावर व्हाउचरवर फक्त 'डिझेल' आणि रुपये सापडतात. लिटर कुठेच नसतात. गाड्यांचे किलोमीटर ड्रायव्हरदादांच्या आठवणीवर. प्रॉडक्शन मॅनेजरने पहिल्या दिवसापासून व्हाउचरवर रुपयांच्या शेजारी लिटर लिहायला लावले, तर निम्मं काम तिथेच होतं.

सगळं सर्वांत नवख्या एडीवर (सहायक दिग्दर्शकावर) टाकणं

मन लावून काम करणारी एक मुलगी दिवसभर कचऱ्याचे डबे लावत फिरते. जनरेटर कोणता, युनिट किती गाड्यांतून येणार, कॉल शीटवर (दिवसाच्या वेळापत्रकावर) दोन लोकेशन एकाच दिवशी का, हे तिला कोणी विचारत नाही. हे निर्णय खर्च आणि नियोजन सांभाळणाऱ्या लाइन प्रोड्यूसरचे. जबाबदारीही त्याचीच हवी, आणि बजेटमध्ये त्यासाठी सुरुवातीलाच एक ओळ हवी.

सेटच्या लाकडाचंही तसंच. सेटच्या भिंतींचे लाकडी फ्लॅट खिळ्यांऐवजी स्क्रूने जोडले, तर ते उतरवून पुन्हा वापरता येतात. मात्र आर्ट डिपार्टमेंटला उतरवायला एक दिवस आणि ठेवायला गोडाऊन द्यावं लागतं. जागा दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी करायची असेल, तर प्लाय फुटणारच.

एकट्याने करायला जाणं

ब्रिटनमधला पर्यावरणपूरक चित्रीकरणाचा 'अल्बर्ट' उपक्रम २०११ साली सुरू झाला आणि बाफ्टा या तिथल्या चित्रपट-टीव्ही अकादमीच्या छत्राखाली वाढला. तो टिकला, कारण वाहिन्या एकत्र आल्या आणि सगळ्यांनी एकच गणनयंत्र मान्य केलं. बीबीसीने २०२२ पासून नव्या कार्यक्रमांना त्याचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. नियम सर्वांना सारखाच, त्यामुळे खर्च वाढला म्हणून कोणा एका निर्मात्याचं काम जात नाही. आपल्याकडे एकटा निर्माता बॅटरीवर चालणारं पॉवर युनिट मागतो, तेव्हा पुरवठादार भाडं जास्त सांगतो, कारण पुढचं गिऱ्हाईक कधी येईल याची त्याला खात्री नसते. गोरेगावच्या चित्रनगरीत शेजारशेजारच्या फ्लोअरवर शूट करणाऱ्या तीन-चार निर्मात्यांनी मिळून महिनाभराचं बुकिंग दिलं, तर बोलणी वेगळ्या भावावर सुरू होतील. पुढच्या मालिकेचा करार करताना वाहिनीकडे हाच मुद्दा लेखी मांडा.