जर्मनीत राहण्याचा परवाना संपतोय आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळत नाहीये?

अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. मुदत संपायच्या आत अर्ज पोचणं महत्त्वाचं.

१. शहराचा ऑनलाइन फॉर्म भरा. नसेल तर ई-मेलने अर्ज पाठवा. पासपोर्ट, नोकरीचा करार, पगाराच्या स्लिपा, आरोग्य विमा सोबत जोडा.

२. तारखेसकट पोच जपून ठेवा. अर्ज वेळेत गेला की निवास कायद्याच्या कलम ८१(४) नुसार निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू राहतो, नोकरीच्या परवानगीसकट.

३. पुरावा म्हणून 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग' (निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला) मागून घ्या. एचआर हाच कागद मागतं.

दिवाळीला घरी यायचंय? तिकीट काढण्याआधी त्या कागदावर खूण कुठे आहे ते बघाच. ८१(४) असेल तर परत जाता येतं. नुसत्या ८१(३) वर (आधी निवास परवाना नसलेल्यांसाठीचं कलम) पुन्हा प्रवेश मिळत नाही.