नाल्याकाठी राहता? पावसाळ्याआधी या चुका टाळा

गंगेला (गोदावरीला आपण गंगाच म्हणतो) पूर आला की आपण नाशिककर आधी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे धावतो. पाणी कमरेला लागलं, छातीला आलं, गळ्यापर्यंत गेलं. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी टेकलं, तर मग महापूरच. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हे मोजमाप मला फार प्रिय आहे. पण मारुतीच्या कमरेवरून आपल्या दुकानाचं ठरवू नका. २ ऑगस्ट २०१६ ला भांडी बाजारातल्या आमच्या दुकानात पाणी शिरलं ते मागच्या मोरीतून, आणि आम्ही सगळे पुढच्या दारात उभे राहून गंगेकडे बघत होतो.

याचं कारण समजून घ्या. जुन्या गावठाणातून सरस्वती नाला जातो. तो बराचसा झाकलेला, रस्त्याखालून वाहणारा. गंगेची पातळी नाल्याच्या आणि पावसाळी गटारांच्या तोंडाच्या वर गेली, की गावातलं पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही. मग ते मागे फुगतं आणि दहीपूल, सराफ बाजार अशा सखल भागात चेंबरमधून वर येतं. गंगा शांत असतानासुद्धा तासभर जोराचा पाऊस त्याला पुरतो. म्हणून धरणातून पाणी सोडलेलं नाही, तेव्हा आपल्याला धोका नाही, असं धरून चालू नका.

तीच गत विसर्गाच्या, म्हणजे वाहत्या पाण्याच्या, आकड्यांची. गंगापूर धरणाचा आकडा आणि होळकर पुलाचा आकडा वेगळे असतात, कारण धरणाच्या खाली शहरात पडलेलं पाणीही वाटेत मिळतं. वाघाडी आणि नासर्डी या उपनद्या तर होळकर पुलाच्या खालच्या अंगाला गोदावरीला मिळतात, त्यामुळे त्यांचं पाणी पुलाच्या आकड्यात येतच नाही. नासर्डीकाठच्या टाकळीकडे राहणाऱ्याने पुलाचा आकडा वाचून निर्धास्त झोपणं चुकीचं आहे. त्याने नासर्डी बघावी.

आता नालेसफाई. सगळ्यात मोठी चूक म्हणजे तक्रार जुलैत करणं. तेव्हा नाल्यात माणूस उतरू शकत नाही आणि जेसीबी चिखलात रुततो. एप्रिलमध्ये नाला कोरडा असतो, तेव्हा स्वतः जाऊन रस्त्याखालची मोरी बघा. नाला दोन्ही बाजूंना मोकळा दिसतो आणि तुंबलेला असतो तो मधल्या पाइपात, रस्त्याखाली. दुसरं, काढलेला गाळ काठावरच ठेवला तर काम झालं असं समजू नका. पहिल्या सरीला तो जिथून काढला तिथेच परत जातो. सफाई झाल्यावर दोन-तीन दिवसांनी पुन्हा चक्कर मारा आणि गाळ उचलून नेला का, ते पाहा.

‘आमच्या भागात नाला तुंबलाय’ एवढंच लिहिलेल्या अर्जाचं पुढे काही होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. कोणत्या पुलाच्या किंवा मोरीच्या वरच्या बाजूला, कोणत्या सोसायटीच्या भिंतीमागे, अंदाजे किती फूट, आणि नेमकं काय अडकलंय (गाळ, गाद्या, बांधकामाचा राडारोडा, पानवेली), हे लिहा. तारीख दिसेल असा फोटो जोडा. महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. पुढच्या वेळी तोच क्रमांक घेऊन जायचं.

काही चुका मात्र आपल्याच आवारात असतात. सोसायटीची कंपाउंड वॉल नाल्यात दोन फूट सरकवणं. पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवताना पावसाळी चेंबर खाली गाडून टाकणं. गच्चीचं पाणी ड्रेनेजच्या लाइनला जोडणं तर अनेक बंगल्यांत दिसतं. ती लाइन सांडपाण्याच्या मापाने टाकलेली असते. जोराच्या पावसात ती भरते आणि मैला खालच्या घरांच्या संडासातून वर येतो. तुमच्या गच्चीचं पाणी कोणाच्या तरी न्हाणीघरात जातंय, हे कृपा करून लक्षात घ्या.

आणि एक हात जोडून विनंती. रस्त्यावर पाणी साचलं म्हणून चेंबरचं झाकण उघडू नका. गढूळ पाण्याखाली उघडा चेंबर दिसत नाही आणि पाणी आत ओढून घेतं. कोणी उघडलेलं दिसलं तर तिथे बांबू रोवा, लाल कापड बांधा आणि मदत येईपर्यंत कोणीतरी उभं राहा. जिल्ह्याचा आपत्ती क्रमांक १०७७, अग्निशमन १०१.

नदीकाठी फ्लॅट घेताना पूररेषेचा नकाशा न बघणं ही आणखी एक चूक. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘१०० वर्षांतून एकदा’ ऐकून लोक खूश होतात. पण अर्थ एवढाच की दर वर्षी १ टक्का शक्यता. तुमचं कर्ज ३० वर्षांचं असेल, तर तेवढ्या काळात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. निळ्या रेषेपर्यंतच्या पुरासाठी हेच गणित ७० टक्क्यांच्या आसपास जातं. बिल्डर तोंडी काय सांगतो ते ऐकू नका, नकाशावर आपला प्लॉट स्वतः शोधा.

घाटावर गाडी लावून बाजारात जाणं, मीटर आणि इन्व्हर्टर जमिनीलगत ठेवणं, भारी माल खालच्या फळीवर रचणं, हे तर सगळ्यांना माहीत आहे आणि तरी दर वर्षी होतं.

पाणी ओसरल्यावरची घाईही नडते. घर धुवायला घेण्याआधी भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं तिथे खडूने रेघ मारा, भिजलेल्या मालाचे फोटो काढा, पंचनामा होईपर्यंत बिलं आणि खराब वस्तू एका बाजूला ठेवा. २०१६ ला आम्ही दुसऱ्याच दिवशी सगळं धुऊन काढलं होतं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दाखवायला स्वच्छ फरशीशिवाय काहीच नव्हतं.