डेंग्यूच्या एन्झाइम्सवर प्रोजेक्ट करायचाय?

एमएस्सीच्या पोरापोरींचे मेसेज येतात, डेंग्यूवर काम करायचंय, कुठून सुरू करू, आणि तोवर बहुतेकांनी डॉकिंगचं (रसायन प्रोटीनमध्ये कसं बसेल ते कॉम्प्युटरवर पाहायचं) सॉफ्टवेअर टाकलेलंही असतं. अरे थांबा, आधी कागदावर पॉलिप्रोटीन काढा.

व्हायरसचा आरएनए साधारण १०,७०० बेसचा, पॉझिटिव्ह सेन्स, म्हणजे पेशीत शिरला की आपलेच रायबोसोम तो थेट वाचतात आणि सुमारे ३,४०० अमिनो आम्लांचं एकच लांबलचक प्रोटीन बनतं, तेच पॉलिप्रोटीन. ते कापलं की १० प्रोटीन्स सुटी होतात. काही काप आपल्या पेशीतली एन्झाइम्स देतात, बाकीचे व्हायरसचं स्वतःचं एनएस३ प्रोटीएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम), पण तेही एनएस२बी या व्हायरसच्याच दुसऱ्या प्रोटीनचा तुकडा सोबत नसेल तर जवळपास ढिम्मच. म्हणून लॅबमध्ये दोन्ही जोडून ई. कोलाय बॅक्टेरियात बनवतात. जिवंत व्हायरस लागत नाही, त्यामुळे पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) नंबर नाही लागला तरी साध्या कॉलेजच्या लॅबमध्येही हे जमतं.

एनएस३च्याच दुसऱ्या टोकाला आरएनएची गुंडाळी उलगडणारं हेलिकेज असतं, आणि एनएस५मध्ये आरएनएवर मिथाइल गट लावणारं मिथाइलट्रान्सफरेज अधिक पॉलिमरेज, जे आरएनएवरून आरएनएची कॉपी काढतं आणि चुका तपासत बसत नाही, म्हणून म्युटेशन्स भराभर साठतात.

प्रोटीएजचं औषध अजून का नाही, हा प्रश्न व्हायव्हाला हमखास येतो. त्याची ॲक्टिव्ह साइट (कापायची जागा) उथळ, त्यात ते आर्जिनिन किंवा लायसिन ही पॉझिटिव्ह चार्जवाली अमिनो आम्लं ओळीने दोन दिसली की त्यांच्या लगेच नंतर कापतं, म्हणजे तिथे नीट बसणारं रसायनही बहुधा पॉझिटिव्ह चार्जवालं निघतं आणि मग ते पेशीच्या पडद्यातून आत जायलाच कुरकुरतं. ट्यूबमध्ये हिरो, पेशीत झिरो. डॉकिंगचा स्कोअर यातलं काही सांगत नाही.

रसायनं तपासताना एक काम कंटाळवाणं वाटलं तरी कराच, प्रत्येक हिट (एन्झाइम थांबवणारं वाटलेलं रसायन) थोडं ट्रायटन हे डिटर्जंट घालून परत तपासा, कारण काही रसायनं गोळा होऊन एन्झाइमला नुसती चिकटतात आणि डिटर्जंट घातलं की इनहिबिशन, म्हणजे एन्झाइम थांबणं, गायब. हळदीतल्या करक्युमिनवाल्यांनी तर दोनदा तपासा, ते स्वतःच चमकतं आणि एन्झाइमचं काम मोजायला घेतलेलं फ्लुरोसन्सचं (चमकेचं) रीडिंग बिघडवतं.

आणि चिकनगुनियाला हेच गणित लावू नका बरं का, तो अल्फाव्हायरस या वेगळ्याच गटातला, तिथे कापायचं काम एनएसपी२ करतं आणि कॉपीचं एनएसपी४.