आडबाजूच्या पुळणीवर जायचंय? आधी तिथी बघा

गणपतीपुळे किंवा तारकर्लीला जायला मनगटावरचं घड्याळ पुरतं. रस्ता थेट वाळूपर्यंत जातो, चहाची टपरी असते, कुणी बुडायला लागलं तर ओरडणारं माणूस असतं. मालवण तालुक्यातली तोंडवळी, वेंगुर्ल्याकडचं खवणे, आडिवऱ्याजवळचं वेत्ये, पावसजवळचं गणेशगुळे इथं गर्दी कमी, सोयी त्याहून कमी. आणि अशा गावांच्या डोंगरकुशीत ज्या छोट्या बिनरस्त्याच्या पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे असतात, तिथं तर काहीच नसतं. तिथं जायची आणि परतायची वेळ समुद्र ठरवतो. म्हणून सामानाच्या यादीआधी पंचांग.

पाऊणपटीचा हिशेब

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारच्या सुमाराला एक भरती आणि दुपारी चारच्या आसपास दुसरी. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी दहाला. दक्षिणेकडे लोक तिला सुकती म्हणतात. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. कालच्या सहलीची वेळ आज चालत नाही, ती याचमुळे.

हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो; कधी त्याहून थोडा जास्तही. दिवस ठरवायला तो उत्तम, पण निघण्याच्या आदल्या रात्री रत्नागिरी, मालवण किंवा वेंगुर्ला यांपैकी जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक मोबाइलवर उघडून वेळ पक्की करा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. खाली रेंज मिळेलच असं नाही.

आता दिवस कोणता निवडायचा? पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. भर दुपारी भरती, पुळण अरुंद, पाणी जोरात. चांदण्याच्या नादात नवखे नेमके तेच दिवस निवडतात. सप्तमी ते नवमी भांगाचे दिवस. पाण्याची चढउतार कमी, ओहोटी साडेअकरा ते एकच्या दरम्यान. मुलाबाळांसह जायला हेच बरे. मात्र भांगात पाणी फार मागे हटत नाही. तुमची वाट एखाद्या डोंगराच्या नाकाला खालून, खडपातून (किनाऱ्यावरच्या खडकांतून) वळसा घालून जाणारी असेल, तर ती भांगात उघडेलच असं नाही. तेव्हा चतुर्थी-पंचमी धरा: ओहोटी सकाळी नऊ-दहाला, पाणी बऱ्यापैकी मागे. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघा आणि ओहोटी उलटल्यावर तासाभरात त्या नाकाच्या अलीकडे परत या.

तासाभरात असं म्हणायला कारण आहे. भरती सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढावाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. पहिला तासभर ‘कुठे काय चढतंय’ वाटतं आणि मग वाट हा हा म्हणता पाण्याखाली जाते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेली माणसं अडकतात ती अशीच.

पोहोचल्या पोहोचल्या पाण्याच्या कडेला एक काठी रोवा. दर अर्ध्या तासानं तिच्याकडे बघा. लहान मुलांना हे काम दिलं तर ती मोठ्यांपेक्षा चोख करतात.

वाट आणि वाडी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मार्चपासून वाळू अकरा वाजताच तळव्यांना भाजते, मेच्या उत्तरार्धात समुद्र खवळायला लागतो. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत पाण्यात उतरायचा विचारही नको. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. दर्यावर पोट असणारी माणसं बोटी वर ओढून बसतात तेव्हा आपण कोण?

नकाशाच्या उपग्रह-चित्रात दोन डोंगरनाकांमधली वाळूची पट्टी शोधा आणि तिच्या सगळ्यात जवळची वाडी बघून ठेवा. नकाशातली पायवाट प्रत्यक्षात कुणाच्या तरी बागेतून जात असते. गडगा (दगडी कुंपण) ओलांडण्याआधी घरात विचारा. मार्च ते मे हापूसचे दिवस, राखणदार जागा असतो आणि तो तुमचं स्वागत करेलच असं नाही. ‘काका, खाली उतरायला वाट कुठून?’ एवढं विचारलं की पाखाडी (पायऱ्यांची वाट) कुठे मोडलीय, वाटेतल्या विहिरीला पाणी आहे का, हे सगळं न विचारता कळतं. त्याच दमात पाण्याचंही विचारून घ्या. ‘थंय जाव नकात, पाण्याक ओढ आसा’ असं उत्तर आलं तर त्यावर वाद घालू नका. किती वाजता परतणार हेही त्याच घरी सांगून निघा.

जेवण हवं असेल तर आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं. सकाळी अकराला जाऊन ‘मावशी, सहा ताटं’ म्हणालात तर घरात मासे नसतात, असले तर मोजके असतात.

गाडी वाडीतच ठेवा, पाणंद अडवू नका आणि माडाखाली तर अजिबात लावू नका. नारळ पडला तर काच जाते. सुकलेली झावळ पडली तरी टप चेपतो. वाळूत गाडी घालणं हा सगळ्यात महागडा हौसेचा प्रकार. ओली वाळू कडक दिसते, पण चाक फिरलं की पाणी वर येतं आणि ती ढिली होते. रुतलीच तर ॲक्सिलरेटर सोडा. जितकं चाक फिरवाल तितकं ते आत जाईल. टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढची वाळू उपसा, झावळ्या किंवा पायपुसणी दाबा आणि हळू बाहेर काढा. जॅक लावायचा तर खाली फळी हवी, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. दहा मिनिटांत निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा. तोवर भरती कुठे पोहोचलीय तेही बघा.

एसटीनं जात असाल तर स्टँडवर परतीची शेवटची गाडी विचारून घ्या. आडगावात बरेचदा संध्याकाळी येते ती वस्तीची गाडी, आणि ती पहाटेच परत सुटते.

काय न्यायचं

माणशी चार लिटर पाणी, तेही पाच लिटरच्या कॅनमधून. रिकामा कॅन घट्ट झाकण लावून १५–२० मीटर नायलॉनच्या दोरीला बांधला की बुडत्याकडे फेकायला तरंगता आधार होतो. आत पेलाभर पाणी ठेवा, नाहीतर वाऱ्यानं तो भलतीकडे जातो. बाकी: ओआरएसची दोन-तीन पाकिटं, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, पट्ट्याचे सँडल (चपला खडपात निसटतात), चिमटा, बँडेज, विजेरी, कचऱ्यासाठी पिशवी. संडास नसतो, वाडीत विचारून उरकून मगच उतरा.

बसायचं कुठे, हे मर्यादवेल सांगते. हिरवी, जाडसर पानांची, टोकाशी आपट्याच्या पानासारखी दुभागलेली, जांभळ्या फुलांची ही वेल वाळूवर पसरलेली दिसेल. रोजच्या भरतीचं पाणी सहसा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिच्या खाली सुकलेला पालापाचोळा, शिंपले, थर्माकोलचे तुकडे यांची एक ओळ असते, ती गेल्या भरतीची रेघ. सामान त्या रेघेच्या वर, वेलीच्या अलीकडे. वेलीवर चटई टाकू नका. वाळू धरून ठेवते ती तीच.

पाण्यात

कंबरेच्या वर जाऊ नका, हा साधा नियम. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं उंचावर उभं राहून बघा. दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्या फुटताहेत आणि मधेच एक काळसर, शांत पट्टा आहे, त्यात फेस आणि गढूळ वाळू आत सरकतेय असं दिसलं, तर लाटांनी आणलेलं पाणी परत जाण्याचा रस्ता तो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथं लाट नसते. ओढला गेलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. पाठीवर तरंगा, हात वर करा, मग किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहा आणि जिथं लाटा फुटताहेत तिथून बाहेर या. किनाऱ्यावरच्यांनी मागे उडी मारायची नाही, कॅन फेकायचा. एकापाठोपाठ दोघं-तिघं जातात ती त्या उडीमुळे.

हवेच्या ट्यूब आणि गाद्या सकाळी नकोतच. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. पाणी काचेसारखं दिसतं आणि ट्यूब गुपचूप आत जाते. दुपारच्या सुमाराला खारे वारे सुरू होतात.

खाडीच्या मुखाजवळ पोहणं पूर्ण वर्ज्य. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडतं, आणि घोट्याएवढ्या पाण्यातून दोन पावलांवर छातीइतका खड्डा असतो. खाडी ओलांडून पलीकडच्या पुळणीवर जायचं असेल तर होडीनं जा आणि परतीची वेळ तरवाल्याशी आधीच ठरवा.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला. वाळूत पाकट दबून बसलेलं असतं; चाहूल लागली की निघून जातं, पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. तसं झालं तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि दवाखाना गाठा. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि तंतू चिमट्यानं काढा. खडपावरच्या कालवांनी कापलं की जखम लहान दिसते पण चिघळते, साबणानं नीट धुवा. जाळ्यातून टाकलेला समुद्रसाप निपचित पडलेला दिसला तरी हात लावू नका, तो विषारी असतो.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर दोराच्या आत उभं राहू नका आणि जाळं ओलांडू नका. हात लावायचा तर विचारून लावा. ओढताना वजन खरोखर लागतं.

नोव्हेंबरपासून मेपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांचा काळ. वेळास, आंजर्ले, वेत्ये या किनाऱ्यांवर त्यांची घरटी राखली जातात, पण मादी इतर पुळणींवरही चढते. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला तर उकरू नका. वाडीत सांगा किंवा वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. रात्री शेकोटी आणि प्रखर विजेरी नको. पिल्लं उजेडाकडे चालतात आणि समुद्राऐवजी माडांत शिरतात.

परतताना

सूर्यास्ताचा मोह वाट खडपातून असेल तर सोडा. डिसेंबरात सहानंतर लगेच सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात दगड दिसेनासे होतात. अडकलातच तर पाण्यातून वाट काढू नका. उंच, सुक्या दगडावर थांबा, रेंज असेल तर ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ लावा. भरती पूर्ण झाली की पुढच्या सहा तासांत पाणी पुन्हा उतरतं.

वर आल्यावर ज्या घरी सांगून गेला होतात तिथं डोकावून ‘आलो’ म्हणा. नाहीतर काळोख पडल्यावर वाडीतली चार माणसं विजेऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला खडपात उतरतील.