स्कॅनरवरचा कोड वाचल्यानंतर काय करावे
गाडीतला बिघाड शोधण्याच्या स्कॅनरने दाखवलेला कोड म्हणजे निदान नव्हे, हे तंत्रज्ञाने सर्वांत आधी पक्के करून घ्यावे. पी०१७१ हा कोड हवेच्या मानाने इंधन कमी पडत असल्याचे सांगतो. त्यामागे इनटेकमधली (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गातली) हवेची गळती आहे, मळलेला एअर फ्लो सेन्सर आहे की कमजोर झालेला इंधनपंप, हे शोधणे आपलेच काम असते. म्हणून कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड नोंदला गेला त्या क्षणीचे इंजिनचे आकडे) जतन करावी आणि मग लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम (इंजिनचा संगणक इंधनाच्या प्रमाणात करत असलेली वाढ-घट) पाहावा: आयडलिंगला तो बराच वाढलेला असून आरपीएम वाढवताच खाली येत असेल, तर संशय गळतीवर जातो. हा सराव निर्दोष गाडीवरही करावा, कारण चांगले आकडे नजरेत बसल्याशिवाय बिघडलेले ओळखू येत नाहीत.

मल्टीमीटर मात्र बाजूला ठेवू नये. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात त्या सॉकेटच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रोध मोजल्यास अनेक गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास येतो. १२० आल्यास कॅन वायरिंग (गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा) किंवा टोकाचा एखादा रेझिस्टर तुटला असण्याची शक्यता असते. (गेटवे, म्हणजे सॉकेट आणि गाडीतले जाळे यांच्यामधला संगणक, असलेल्या गाडीत आधी वायरिंग आकृती पाहावी.) ईसीयूचे, म्हणजे गाडीच्या नियंत्रक संगणकाचे, प्रोग्रॅमिंग सर्वांत शेवटी शिकावे, आणि तेही बॅटरीला स्थिर व्होल्टेजचा पुरवठा जोडूनच करावे.